छायाचित्राची मनाई आणि मनाईचे कारण

(व्याख्यानाची संहिता)



'येथे छायाचित्रे काढण्यास सक्त मनाई आहे' हा फलक न पाहिलेला मनुष्य आज विरळाच. रेल्वेचा पूल, विमानतळ, धरणाची भिंत, वस्तुसंग्रहालय, देवालय अशा एकमेकांशी कसलेही नाते नसलेल्या ठिकाणी हे एकच वाक्य एकाच थाटात रंगविलेले आढळते. मनाई कोणी केली, कशासाठी केली, ती कोठून कोठपर्यंत लागू आहे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या फलकावर बहुधा नसते. दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्यास विचारले तर तो फलकाकडेच बोट दाखवितो. अशा रीतीने फलक पहारेकऱ्याचा आधार होतो, पहारेकरी फलकाचा, आणि कारण मात्र दोघांच्याही मागे कोठेतरी हरवून जाते.

एके काळी हा प्रश्न थोड्या लोकांपुरता होता. गळ्यात कॅमेरा अडकविलेला मनुष्य गावात लांबूनच ओळखू येई; छायाचित्रकारास लग्नकार्याला किंवा जत्रेला मुद्दाम बोलावणे धाडावे लागे. आज भ्रमणध्वनीच्या रूपाने प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. त्यामुळे मनाईचा संबंध आता प्रत्येक यात्रेकरूशी, प्रत्येक प्रवाशाशी आणि फलक लावणाऱ्या प्रत्येक संस्थेशी येतो. देवस्थाने त्यांतलीच. चित्रपट किंवा जाहिराती यांचे धंदेवाईक चित्रीकरण हा निराळा विषय आहे. त्याला परवानगी आणि शुल्क असावे यात वाद नाही. येथे विचार करावयाचा आहे तो हौशी माणसाचा, ज्याला चित्रापासून एक पैही मिळवावयाची नसते.

या विचारासाठी एखादे गाव डोळ्यांपुढे ठेवणे सोयीचे. असे एक गाव तेलंगणात आहे, बेल्लमपल्ली. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी नवे जिल्हे झाले तेव्हा ते मंचेरियाल जिल्ह्यात गेले. मराठी माणसाला हा मुलूख अगदीच परका नव्हे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी राजुरा आणि किनवट हे आजचे महाराष्ट्रातील तालुके याच आदिलाबाद जिल्ह्याचे भाग होते, आणि त्या जिल्ह्यात मराठी बोलणारी घरे आजही पुष्कळ आहेत. हे गाव निवडण्याचे कारण असे की, एका लहानशा वस्तीत मनाईची निरनिराळी कारणे जवळजवळ नांदताना दिसतात. गावात रेल्वे स्थानक आहे, भोवती कोळशाच्या खाणी आहेत, शिवरात्रीला भाविकांची गर्दी खेचणारे बुग्ग्याचे शिवस्थान परिसरात आहे, आणि बाजारपेठ व घरे तर आहेतच. या चार ठिकाणी कॅमेरा रोखला गेला तर चारही ठिकाणी त्याचे कारण वेगळे असते. ते वेगळेपण ध्यानात घेतले म्हणजे विषयाचा बराचसा गुंता आपोआप सुटतो.

प्रथम रेल्वे. काझीपेठ ते बल्लारशाह हा लोहमार्ग १९२९ च्या सुमारास पुरा झाला आणि मद्रास व दिल्ली यांना जोडणारा सरळ रस्ता खुला झाला. ग्रँड ट्रंक एक्सप्रेस याच मार्गाने बेल्लमपल्लीवरून जाते. पुढे मंचेरियालनंतर गोदावरीवरचा मोठा पूल लागतो. रेल्वेच्या पुलांवर, स्थानकांवर मनाईचे फलक येण्यामागे युद्धकाळाची भीती होती. १९६२, १९६५ आणि १९७१ ही युद्धांची वर्षे ज्यांनी पाहिली त्यांना खिडक्यांना लावलेले काळे कागद आठवतील. शत्रूने पुलाचे चित्र मिळवून तो उडवू नये ही चिंता त्या काळी खोटी नव्हती.

या चिंतेला कायद्याचा आधार आहे तो १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाचा. हा कायदा ब्रिटिश अमदानीतला असला तरी तो वाचताना एक गोष्ट लक्षात येते. 'प्रतिबंधित स्थान' कशास म्हणावे याची त्यात व्याख्या आहे. लष्कराच्या जागा त्यात सरळच येतात. परंतु रेल्वे, रस्ता किंवा वीज-पाण्याचे कारखाने हे त्यात यावयाचे तर केंद्र सरकारने राजपत्रात तशी अधिसूचना काढावी लागते. शिवाय हेरगिरीचा गुन्हा घडण्यास राष्ट्राच्या सुरक्षिततेला वा हितसंबंधांना बाधक असा हेतू असावा लागतो. म्हणजे ज्या कायद्याचे नाव घेऊन हौशी माणसाला दरडाविले जाते, तो कायदाच स्थान आणि हेतू या दोन्हींची खातरजमा करावयास सांगतो.

याचा प्रत्यय नागपुरात आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे वर्ध्याचे एक प्रकरण होते. पोलीस ठाण्यात भ्रमणध्वनीने चित्रीकरण केले म्हणून एका नागरिकावर याच १९२३ च्या कायद्याखाली गुन्हा नोंदविण्यात आला होता. जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला. कायद्यातील व्याख्या परिपूर्ण आहे, तिच्यात पोलीस ठाण्याचा समावेश नाही, सबब तेथील चित्रीकरण हा त्या कायद्याखाली गुन्हा होऊ शकत नाही, असा निर्णयाचा मथितार्थ आहे. बेल्लमपल्लीहून उत्तरेकडे जाणारी गाडी ज्या वर्ध्यावरून जाते तेथलाच हा खटला; आणि त्याचा बोध साऱ्या देशाने घ्यावा असा आहे. मनाई शब्दांत लिहिलेली असेल तेवढीच, तिच्यापलीकडे ती ताणता येत नाही.

परदेशांतही हेच घडले आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीस देशातील कालामाता येथे विमाने पाहण्याचा व त्यांच्या नोंदी ठेवण्याचा छंद असलेल्या १२ ब्रिटिश आणि २ डच नागरिकांना हेर म्हणून अटक झाली. एप्रिल २००२ मध्ये त्यांना शिक्षाही झाली. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात अपिलात सर्वजण निर्दोष सुटले. असा छंद असतो हेच मुळी तेथील अधिकाऱ्यांना पटत नव्हते! इंग्लंडात २००० सालच्या दहशतवादविरोधी कायद्याच्या ४४ व्या कलमाखाली संशयाचे कारण न देता वाटेल त्याची झडती घेण्याची मुभा पोलिसांना होती, आणि तिचा जाच छायाचित्रे काढणाऱ्यांना विशेष झाला. जानेवारी २०१० मध्ये मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने ही झडती खाजगी जीवनाच्या हक्काविरुद्ध ठरविली. त्या प्रकरणातील दोन अर्जदारांपैकी एक तर निदर्शनांचे चित्रण करण्यास आलेली पत्रकार होती.

दरम्यान काळ पुढे गेला. गोदावरीवरचा तोच पूल आज उपग्रहाच्या चित्रात जगातील कोणालाही घरबसल्या दिसतो. आपल्या सरकारने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी नकाशांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे काढून भारतीय संस्थांना पूर्वपरवानगीच्या कटकटीतून बरेचसे मोकळे केले. खरोखर संवेदनशील अशा बाबींची तेवढी वेगळी यादी ठेवली. त्याच वर्षीच्या ड्रोन नियमांनी आकाशाचे लाल, पिवळे आणि हिरवे असे विभाग पाडून ते नकाशावर सर्वांना पाहता येतील अशी व्यवस्था केली. बंधनाची सीमा आधीच दिसली की ते पाळणाऱ्याला पाळता येते आणि मोडणाऱ्याला सबब उरत नाही.

या बाबतीत हौशी माणसाच्या पदरी काही पुण्यही जमा आहे. भारतातील ब्रॉडगेज मार्गावरील वाफेची इंजिने १९९५ साली नियमित सेवेतून गेली. गोव्यातील मुरगाव बंदराचा मीटरगेज मार्ग, ज्याने आपल्या वडिलधाऱ्यांनी मुंबई-बेळगावची वाट धरली, तोही १९९० च्या दशकात बदलून रुंद झाला. त्या इंजिनांची, त्या स्थानकांची जी चित्रे आज पाहावयास मिळतात त्यांतील कितीतरी हौशी माणसांनी, प्रसंगी परवान्यासाठी खेटे घालून, काढून ठेवलेली आहेत.

आता दुसरे ठिकाण, खाण. गोदावरीच्या खोऱ्यात येल्लंदूजवळ १८७१ साली भूगर्भशास्त्रज्ञ डॉ. किंग यांना कोळसा आढळला. १८८९ पासून तेथे खाणकाम सुरू झाले. १९२० साली सिंगरेणी कोलियरीज कंपनी या नावाने संस्था उभी राहिली, आणि त्या दशकाच्या अखेरीस बेल्लमपल्लीच्या खाणी निघाल्या. या खाणीच्या तोंडाशी कॅमेरा काढून घेतला जातो तेव्हा हेराचा संशय हे खरे कारण नसते. कोळशाच्या थरातून मिथेन वायू सुटतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा सुमारे ५ ते १५ या दरम्यान झाले की एक ठिणगी स्फोटाला पुरे होते. १८१५ साली हंफ्री डेव्ही याने जाळीचा दिवा शोधला तो याच संकटावर उपाय म्हणून. काडेपेटी, विडी किंवा ठिणगी पाडू शकेल असे कोणतेही उपकरण भूगर्भात नेऊ नये हा खाणीतला कडक नियम. १९५७ च्या कोळसा खाण विनियमांत तो होता आणि त्यांच्या जागी आलेल्या २०१७ च्या विनियमांतही आहे. कॅमेऱ्याची बॅटरी आणि झगमगाटाचा दिवा ही या दृष्टीने काडेपेटीचीच भावंडे होत.

येथे मनाई कठोर आहे आणि ती तशीच असली पाहिजे. परंतु तिचे कारण भूगर्भात आहे, म्हणून तिची सीमाही तेथेच संपावयास हवी. खाणीच्या फाटकाबाहेरून दिसणारा पाळणा, कामगारांच्या चाळी, पाळी बदलताना रस्त्याने परतणारी माणसे, यांच्या चित्राने ठिणगी पडत नाही. बेल्लमपल्लीच्या जुन्या खाणींपैकी काही आज बंद पडल्या आहेत. खाण बंद पडली की इमले उतरतात, माणसे पांगतात आणि दोन पिढ्यांचा संसार ज्या कोळशावर चालला त्याची खूणही राहत नाही. फाटकाबाहेरचे चित्रही कोणी काढू दिले नसेल, तर त्या गावाच्या नातवंडांना आजोबा कोठे काम करीत हे दाखविता येणार नाही.

जिवाच्या रक्षणासाठी केलेली मनाई गोव्यालाही ओळखीची आहे. दोन पर्यटक बुडाल्यानंतर जून २०१८ मध्ये गोव्याच्या किनाऱ्यावरील २४ ठिकाणे स्वतःचे चित्र काढण्यास धोक्याची म्हणून जाहीर झाली. मुंबई पोलिसांनी वांद्र्याच्या दुर्घटनेनंतर २०१६ साली अशीच सोळा ठिकाणे ठरविली होती. दूधसागरावर पावसाळ्यात रुळांवरून चालत जाणाऱ्यांच्या झुंडी लोटल्या तेव्हा, जुलै २०२३ मध्ये, धबधब्याचे सौंदर्य गाडीतून पाहावे, रुळांवर उतरू नये, असे दक्षिण-पश्चिम रेल्वेला सांगावे लागले. ही भाषा पाहण्यासारखी आहे. धबधब्याच्या चित्रावर तिचा राग नाही. अडविले आहे ते रुळांवर चालणे.

तिसरे ठिकाण बाजारपेठ आणि घरे, म्हणजे माणसाची अब्रू. कोडॅक कॅमेरा १८८८ साली बाजारात आला आणि दोनच वर्षांनी, १८९० मध्ये, वॉरन आणि ब्रँडाइस या अमेरिकन कायदेपंडितांनी खाजगी जीवनाच्या हक्कावर प्रसिद्ध निबंध लिहिला. झटपट काढल्या जाणाऱ्या छायाचित्रांचा उपद्रव हे त्यातील एक निमित्त होते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. स्त्रीचे खाजगी क्षणी चोरून चित्र घेणे हा फौजदारी गुन्हा आहे. जानेवारी २०२३ मध्ये गोव्याच्या पर्यटन खात्याने, समुद्रस्नान करणाऱ्या परक्या व्यक्तींची चित्रे त्यांच्या संमतीवाचून काढू नयेत, असे पर्यटकांना बजावले ते योग्यच झाले. येथे फलकापेक्षा साधी सभ्यता अधिक उपयोगी पडते. देवाच्या तळीवर स्नानाला उतरलेल्या माणसाकडे कॅमेरा रोखू नये हे सांगण्यास कायद्याची पोथी उघडण्याची गरज नाही.

राहिले चौथे ठिकाण, देवालय. गर्भकुडीत आणि चौकात कॅमेरा नसावा हा संकेत गोव्यातील बहुतेक देवस्थानांत पाळला जातो. पूजा चालू असता दिव्यांचा झगमगाट व्हावा, आरतीच्या वेळी हात जोडण्याऐवजी ते उंच धरलेले दिसावेत, हे कोणाही भाविकाला रुचणार नाही. दर्शन हा भाविक आणि देव यांमधला व्यवहार आहे. त्यात यंत्राची मध्यस्थी नको, हे कारण पुरेसे आहे आणि त्याबद्दल संकोच बाळगण्याचे प्रयोजन नाही. कित्येक ठिकाणी वस्तूच्या रक्षणाचेही कारण असते. पुरातत्त्व खात्याने जुलै २०१८ मध्ये आपल्या ताब्यातील स्मारकांत छायाचित्रणास मोकळीक दिली तेव्हाही अजिंठ्याची लेणी, ताजमहालातील कबरीचा भाग आणि लेहचा राजवाडा ही तीन स्थाने वगळली. हजारो स्थळांपैकी तीनच, आणि तीही नावानिशी. मनाईची ही रीत घेण्याजोगी आहे.

परंतु पावित्र्याची मनाई सभामंडप ओलांडून दीपस्तंभ, नौबतखाना, अग्रशाळा आणि महाद्वारापर्यंत पसरू लागली म्हणजे थांबून विचार करावा लागतो. गेल्या पन्नास-साठ वर्षांत किती देवालयांचे जीर्णोद्धार झाले! लाकडी खांब गेले, कावेने काढलेली भिंतीवरची चित्रे चुन्याखाली गेली, मंगलोरी कौलांच्या जागी सिमेंटचे छत आले. जुने रूप कसे होते असे तरुण महाजनाने विचारले तर त्याला दाखविण्यास कित्येक घरांत एखादे पिवळे पडलेले चित्र तेवढे असते, आणि तेही बहुधा कोणा हौशी माणसाने जत्रेच्या दिवशी काढलेले. आपल्या समाजाला या कलेचे वावडे कधीच नव्हते. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था निघाली, तिच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत मूळचे गोव्यातील मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते.

या मुद्द्याचे गांभीर्य तमिळनाडूतील एका घटनेने ध्यानात येते. श्रीपुरंतान या खेड्यातील ओस पडलेल्या शिवालयातून नटराजाची प्राचीन कांस्यमूर्ती चोरीस गेली. फिरत फिरत ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात पोचली. २००८ साली त्या संस्थेने तिच्यासाठी सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलर मोजले. मूर्ती श्रीपुरंतानचीच, हे सिद्ध कशाने व्हावे? पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने दक्षिणेतील देवालयांच्या छायाचित्रांचा मोठा संग्रह १९५० च्या दशकापासून जमविला आहे. त्यात या नटराजाचे, देवळात असतानाचे, चित्र निघाले. तो पुरावा निर्णायक ठरला आणि ५ सप्टेंबर २०१४ रोजी ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी दिल्लीत ती मूर्ती भारताच्या स्वाधीन केली. त्या देवळाच्या दारावर सरसकट मनाई असती आणि ती तंतोतंत पाळली गेली असती, तर देव घरी परतला नसता. १९७२ चा पुरावशेष अधिनियमही नोंदणीच्या अर्जासोबत वस्तूची छायाचित्रे मागतो, त्यामागील हेतू हाच.

तेव्हा मनाई असावी की नसावी हा प्रश्नच तितकासा बरोबर नाही. प्रत्येक मनाईला चार प्रश्न विचारावेत. तिचे कारण काय? त्या कारणाची सीमा कोठे संपते? ती कोणी, कोणत्या अधिकाराने ठरविली आणि लिहून ठेवली? आणि योग्य कामासाठी अपवाद मागावयाचा झाल्यास तो कोणाकडे मागावा? खाणीची मनाई या चारही प्रश्नांना खणखणीत उत्तर देते. पुलावरचा जुना फलक पुष्कळदा पहिल्याच प्रश्नाला अडखळतो. गोव्यातील ज्येष्ठ मंडळींना १९६१ पूर्वीचे दिवस ठाऊक आहेत. छापावयाच्या मजकुरावर 'व्हिजादु पेला सेंसुरा' असा शिक्का पडे आणि कापलेल्या ओळी का कापल्या हे विचारण्याची सोय नसे. कारण न सांगणारी सत्ता माणसाला आज्ञाधारक करील, पण नियमाविषयी आदर तिला निर्माण करता येत नाही.

देवस्थानांच्या हाती याबाबत पुष्कळ आहे. १९३३ च्या देवस्थान नियमावलीखाली चालणाऱ्या महाजन संस्थांना आमसभा आहे, समिती आहे, ठरावांची वही आहे. तेव्हा ठराव असा करता येईल: गर्भकुडी आणि चौक येथे कॅमेरा पूर्ण बंद, आणि फलकावर 'दर्शनाच्या शांततेसाठी' एवढे दोन शब्द कारणादाखल, सभामंडपात पूजा-आरतीच्या वेळी बंद, एरव्ही झगमगाटाच्या दिव्यावाचून मोकळीक, प्रांगणात मुभा, मात्र तळीवर व कोणा व्यक्तीवर संमतीवाचून नाही, अभ्यासकाने लेखी अर्ज केल्यास समितीने ठराविक मुदतीत उत्तर द्यावे. आणि याच्या जोडीला समितीने स्वतः देवाच्या मूर्ती, पालखी, रथ, मखर, दागिने आणि इमारतीचा प्रत्येक भाग यांची छायाचित्रे मापे व वर्णनासह काढवून एक प्रत देवस्थानच्या तिजोरीत व दुसरी अन्यत्र जपून ठेवावी. जीर्णोद्धाराचा पहिला दगड हलविण्यापूर्वी हे काम झालेच पाहिजे. जत्रेतील जुनी चित्रे महाजनांच्या घरोघरी पडून आहेत. ती मागवून त्यांच्या नकला घेतल्या तर स्मरणिकेच्या पुढील अंकाला वेगळे साहित्य शोधावे लागणार नाही.

बेल्लमपल्लीच्या खाणकामगाराला काडेपेटी दाराशी ठेवून आत जाण्यात कमीपणा वाटत नाही, कारण ती का ठेवावयाची हे त्याला माहीत असते. देवाच्या दारी येणाऱ्या भाविकालाही कॅमेरा खाली ठेवण्याचे कारण तितक्याच स्पष्टपणे कळले, तर पहारेकऱ्याला आवाज चढवावा लागणार नाही. गर्भकुडीतले पावित्र्य आणि प्रांगणातली आठवण, दोन्ही देवाचीच ठेव आहे. ती दोन्ही जपण्याची सुबुद्धी सर्व महाजनांस लाभो, एवढी श्रींच्या चरणी प्रार्थना करून हे विवेचन पुरे करणे उचित होईल.